कोरा कागद

कारखान्यांची धुराडी पेटली की सांगलीतल्या आमच्या नवजात कक्षात बीडकडची बोली ऐकू येऊ लागते. ऊसतोडीला आलेल्या बायका, फडात नाहीतर राहायच्या कोपीत वेळेआधीच मोकळ्या झालेल्या. (दवाखान्याचं नाव लिहीत नाही, मला नोकरी करायची आहे.)

ते बाळ डिसेंबरात आलं. 1 किलो 350 ग्रॅम. आई विशीतली, जवळ बाईमाणूस कुणी नाही, नवरा दिवसभर फडात. दोन दिवसांत ऑक्सिजन निघाला, पण ओढून प्यायची ताकद बाळात नव्हती. नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी आईचं दूध चाललं होतं. चीक तिनं पिळून टाकून दिला होता, सासूनं फोनवर सांगितलं म्हणून. मी तिच्यावर ओरडले होते, आणि ते मला नीट आठवतं.

पाचव्या रात्री ती दाराशी आली. "ताई, आज पाचवी हाय. बाळाच्या उशाशी कोरा कागद अन् पेन ठिवता का?"

सटवाई कपाळी लिहून जाते ती हीच रात्र. मला समजावून सांगायची गरज नव्हती, माझ्या दोन्ही पोरांची पाचवी सासूबाईंनी पाट मांडून पुजली आहे. तरी मी म्हणाले, "आत बाहेरचं काही चालत नाही." नियम खोटा नाही. एवढ्याशा जिवाला जंतुसंसर्ग झाला तर तो तरणं कठीण. मग सारवासारव करत बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरला अडकवलेला चार्ट दाखवला. "हे बघ, कागद आहे, पेन पण आहे."

"त्यावर तुमी लिवताय, ताई. तिला कोरा पायजे."

रात्री दीडला मी केसपेपरच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद आणि पेन झिपच्या पिशवीत घातलं, पिशवी स्पिरिटनं पुसली आणि गादीच्या बाहेर, उशाकडच्या कडेला ठेवली. तिला काचेतून दाखवली. सकाळी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "उद्या कुणी लिंबू आणलं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दर दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ आपणच घालतो, हे ओठावर आलं होतं, गिळलं.

सातव्या दिवशी नवरा आला, सही करून घरी नेतो म्हणाला. इथं बाळाच्या उपचाराला पैसे पडत नाहीत, हे डॉक्टरांनी त्याला दोनदा सांगितलं. पण अडचण इथल्या बिलाची नव्हती. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, नवरा-बायको मिळून एक कोयता. ती इथं बसली की अर्धाच कोयता, आणि रोजचा खाडा. डॉक्टरांनी मुकादमाला फोन लावला. तो अगदी गोड बोलला. सही झालीच.

नळी काढायचं काम माझ्याकडे आलं. योग्य काय ते कळतं, पण भोवतालची व्यवस्था ते करू देत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये मॉरल डिस्ट्रेस म्हटलं, असं एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी तेव्हा वहीत उतरवूनही घेतलं. गालावरची चिकटपट्टी ओली करून सोडवताना त्या वहीचा काही उपयोग झाला नाही.

वाटी-चमच्यानं कसं पाजायचं ते तिला दाखवलं. दोन घोट गेले, तिसऱ्याला ठसका लागला. बाळ उघड्या छातीला लावून साडीनं बांध म्हटलं, तर तिनं माझ्यापेक्षा घट्ट आणि सुबक बांधलं.

"काय काय करायचं ते लिहून द्या," नवरा म्हणाला. हाताशी तीच पिशवी होती. कागद काढला, पेन उघडलं, तोच तिनं माझं मनगट धरलं.

"त्यावर नगं, ताई."

मी हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडलं. दर दोन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. पाय गार लागले, दूध घेईना, श्वास घेताना छाती आत ओढली गेली तर लगेच 108. त्याखाली माझा स्वतःचा नंबर लिहिला. तेही नियमात बसत नाही.