तबक उलटे करून पाहावे

माद्रिदमधील एल रास्त्रो या रविवारच्या बाजारात एका वृद्ध विक्रेत्याने अलीकडे मला चकित केले. हरणांच्या शिकारीचे चित्र असलेले, स्पेनमधील तालावेरा गावच्या शैलीतले, भाजलेल्या मातीचे निळे-पिवळे तबक मी न्याहाळत होते. मी भाव विचारण्याआधीच त्यांनी ते उलटे केले, तळ दाखवला आणि हे जुने नाही, जुन्याचा भाव कोणालाही देऊ नका, असे स्वतःहून सांगितले. स्वतःच्या मालाची उणीव दाखवून गिऱ्हाइकाला पारख शिकवणाऱ्या या सचोटीबद्दल मला अपार आदर वाटला.

जुन्या तबकाच्या तळाला झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसलेली कड असते आणि तेथे मूळ माती उघडी दिसते. वर्षानुवर्षे टेकून ती कड असमान झिजते, मळही सूक्ष्म छिद्रांत खोल मुरतो. मुद्दाम जुने दाखवलेल्या तबकावर तो सगळीकडे सारखा फासलेला असतो. भट्टीत तबके एकावर एक रचताना मध्ये मातीची छोटी तिपाई ठेवत, त्यामुळे झिलईवर तीन व्रण उरतात. या व्रणांवरून रचण्याची रीत कळते, वय नव्हे. झिलईवरील बारीक तड्यांचेही तसेच आहे. ते कृत्रिमरीत्या पाडता येतात.

चित्र हाती रंगवलेले आहे की नाही, हे पाहण्यासाठी भिंग हवे. तालावेरा दे ला रेइना या गावच्या परंपरेत एकदा भाजलेले भांडे कथिलयुक्त पांढऱ्या झिलईत बुडवतात आणि त्या कच्च्या थरावरच रंगवून पुन्हा भाजतात. कच्चा थर रंग तत्काळ शोषून घेतो, म्हणून चुकलेली रेघ पुसता येत नाही. कोबाल्टचा निळा किंवा मँगनीजचा जांभळट तपकिरी रंग कुंचला जेथे टेकतो आणि उचलतो तेथे गडद साचतो. छापील चित्रात त्याऐवजी एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसते. मात्र दोन तबकांवरील आकृती तंतोतंत जुळली म्हणून ती छापील ठरत नाहीत. भोके पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकून, आपल्याकडे रांगोळीचा छाप उठवतात तशी, बाह्यरेषा उमटवण्याची पद्धत येथे जुनीच आहे.

किंमत ठरवताना सहीला फार महत्त्व देतात. हुआन रुइस दे लुना यांनी १९०८ साली तालावेरात कारखाना काढून तेथील क्षीण झालेल्या कलेला पुन्हा उभारी दिली. त्यामुळे त्यांची सही असलेले तबक अठराव्या शतकातील असूच शकत नाही. ते जुन्या शैलीतले, पण विसाव्या शतकातले काम असते आणि त्या काळातले म्हणूनच त्याचे मोल करावे. पर्यटकांसाठी मोठ्या संख्येने बनलेल्या तबकांना सही असूनही फारसा भाव येत नाही. तडा, उडालेली कड किंवा लपवलेली डागडुजी यांनीही मोल उतरते. धातूचे टाके घालून सांधलेली जुनी तबके मात्र मला आवडतात, कारण ती घरात वापरली आणि जपली गेली होती, याचा तो भक्कम पुरावा आहे.

मातीच्या ताटल्यांवर युरो कशाला खर्च करायचे, असे घरचे विचारतात. २०१९ साली तालावेरा आणि शेजारच्या एल पुएंते देल आर्सोबिस्पो येथील ही कारागिरी, मेक्सिकोतील पुएब्ला व त्लास्कालासह, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, हे मी त्यांना सांगते. स्पेनचे कौतुक करताना आपले विसरल्याचा त्यांचा आरोप मात्र मला मान्य नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातही अजिंठ्याच्या चित्रांवर आधारलेली सुंदर चित्रित भांडी होत असत. ती कला कोणत्याही युरोपीय कामाच्या तोडीची होती, असे माझे ठाम मत आहे. येथे गावोगावी दिसणारी जपणूक तिच्या वाट्याला आली नाही, एवढेच.

येथून जुने तबक भारतात आणू इच्छिणाऱ्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा. स्पेनच्या १९८५ च्या वारसा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, वारशात मोडणारी वस्तू देशाबाहेर नेण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. रुइस दे लुना यांच्या कारखान्यातील सुरुवातीची तबके आता त्या वयाची झाली आहेत. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून कालखंड लेखी मागावा आणि पावतीवर तो नमूद करून घ्यावा.