पाचटाची खाज

सांगली जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की कृष्णाकाठच्या फडांतून सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. त्या संध्याकाळी बीडकडचे एक तोडकरी आले, ते पायाला घोणस चावल्याने. पाऊल सुजले होते आणि हिरड्यांतून रक्त झिरपत होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत त्यांचे दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता उभी ठेवली. नंतर तिरकी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले. विषाने रक्त गोठणे थांबवले होते.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सर्पविषरोधक औषधाच्या दहा कुप्या सलाईनमधून देण्यास सांगितले. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे काही रुग्णांच्या शरीराला ते अजिबात मानवत नाही. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीच ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून खाटेजवळ ठेवायचे, हा त्यांचा दंडक होता. मला तो, खरे सांगायचे तर, थोडा अतिरेकी वाटत असे.

औषध सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील. रुग्णाची पत्नी म्हणाली, "ताई, यांला लई खाजायलंय." दिवसभर फडात राबलेल्या माणसाला पाचटाची खाज सुटणारच, असे समजून मी तिला ओल्या फडक्याने अंग पुसायला सांगितले आणि शेजारच्या खाटेकडे वळले. ही माझी चूक होती, आणि ती दोन-तीन मिनिटांची असली तरी लहान नव्हती. परत आले तेव्हा ते डोके खाजवत होते, उलटीची भावना होत होती आणि आवाज घोगरा झाला होता. सदरा वर केला, तर छातीभर गांधी उठल्या होत्या. पाचट सदऱ्याच्या आत, तेही इतक्या सारखेपणाने, लागत नाही. रक्तदाब १२४ वरून ८० वर आला होता.

मी सलाईनमधील औषध बंद केले व डॉक्टरांना हाक मारली. माझा हात सवयीने ॲव्हिलकडे गेला. त्यांनी तो थांबवला, कारण ॲव्हिल खाज कमी करते, पण कोसळणारा रक्तदाब आणि आवळत जाणारा श्वासमार्ग सावरते ते ॲड्रेनालिन. भरून ठेवलेली अर्ध्या मिलीग्रॅमची मात्रा मी मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिली. उलटी होईल म्हणून पत्नी त्यांना उठवून बसवू लागली होती. तिला थांबवून आम्ही त्यांना कुशीवर वळवले, पाय उंच केले, ऑक्सिजन लावला आणि साधे सलाईन वेगाने सोडले. पाच मिनिटांनी रक्तदाब पुरेसा वाढला नाही, म्हणून तीच मात्रा पुन्हा दिली. त्यानंतर मात्र आवाज मोकळा झाला.

विष तर शरीरात होतेच, त्यामुळे औषध कायमचे बंद करून चालणार नव्हते. ते आधी अगदी संथ, मग नेहमीच्या गतीने पुन्हा सुरू केले. सहा तासांनी नळीतील रक्त पुन्हा गोठले नाही, तेव्हा आणखी दहा कुप्या लागल्या. त्या चालू असताना त्यांनी पोटरी खाजवली आणि मी स्टुलावरून उठून नाडी, रक्तदाब, छाती, पाठ असे सगळे तपासले. गांध एकही नव्हती. पोटरीत उसाचे एक कुसळ रुतले होते.