कोल्हापुरात घर बघताना भाडं शेवटी विचारा

पुण्यात बाणेरच्या 2 बीएचकेचं भाडं मालकांनी 26 वरनं 34 हजार केलं तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की आता बास. दोघांचंही काम पूर्ण रिमोट, ऑफिसला तीन महिन्यांतनं एकदा तोंड दाखवायचं, मग हे पैसे आपण नक्की कशाचे भरतोय? नाशिक बघितलं, छत्रपती संभाजीनगरचा विचार केला, शेवटी कोल्हापूर, कारण माझं आजोळ गडहिंग्लजचं आणि वेळेला धावून येणारी माणसं जवळ.

पहिल्याच दिवशी एजंटनं नागाळा पार्कात एक फ्लॅट दाखवला. 12 हजार भाडं, तळमजला, हवा खेळती, समोर झाडं, मी टोकन द्यायलाच निघाले होते. खाली किराणा दुकानात पाण्याची बाटली घेताना तिथल्या मावशींना सहज विचारलं, एरिया कसा आहे? त्या म्हणाल्या, "एरिया लय चांगला हाय गं, पण 19 ला आणि 21 ला, दोन्ही खेपेला हितं कमरंएवढं पाणी हुतं." आणि भिंतीवरची खूण दाखवली. एजंट एवढा वेळ बरोबर होता, एक अक्षर बोलला नव्हता, त्याचा मला अजून राग आहे.

पुण्या-मुंबईतनं येणाऱ्यांना हे माहीतच नसतं म्हणून सांगते. इथं पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, आणि 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. नदी लांब आहे म्हणून निवांत राहू नका, जयंती नाल्यातनं पाणी शहरात मागं सरकतं. तेव्हा शिरोलीजवळ हायवे बंद पडला, आणि पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनंच बुडाल्यामुळं ज्यांच्या घरात पूर नव्हता त्यांच्या नळालाही पाणी नव्हतं.

त्यामुळं पुढच्या प्रत्येक घराला मी आधी गल्लीतल्या तीन वेगवेगळ्या लोकांना विचारलं, 2019 ला पाणी कुठपर्यंत आलतं? मग बिल्डिंगमधल्या कुणाकडं तरी पाच मिनिटं बसून त्यांच्या वायफायवर व्हिडिओ कॉल लावून बघितला (कुणीच नाही म्हटलं नाही, उलट चहा झाला प्रत्येक घरी). भाडं सगळ्यात शेवटी. राजारामपुरीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावर 14 हजारात घर मिळालं, इन्व्हर्टरचा खर्च आमचा.

आता दीड वर्ष झालं. भाडं, कपिलतीर्थ मंडईतली भाजी, कामवाल्या ताई, पेट्रोल असं सगळं धरून महिन्याला साधारण 25 हजार वाचतात, पेट्रोलचं तर विशेष कारण सगळं पंधरा मिनिटांच्या आत आहे. पुण्याला जाणं मात्र जड जातं, सातारा-कागल रस्त्याचं सहापदरीकरण चालू असल्यामुळं मागच्या खेपेला सात तास लागले आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये डोकं चालेना. आता आम्ही एक दिवस आधीच जातो, तो राहण्याचा खर्च पण बजेटमध्ये धरलाय. जुलै-ऑगस्टसाठी 20 हजार वेगळे ठेवतो, पातळी 43 च्या पुढं सरकायला लागली की लॅपटॉप घेऊन थेट आजोळी.

माझी एक मैत्रीण डिसेंबरात घर बघायला येते म्हणत होती. तिला म्हटलं, डिसेंबरात नको, जुलैमध्ये ये, छत्री घेऊन.