ओला बनियन

मे महिन्यात ताईकडं गेलेलो, कोरेगावजवळ, पोरं दुपारभर विहिरीवर. कोण सूर मारतंय कोण मुटका, आणि आमचा धाकटा भाचा, वय १४, एकटाच अंगात बनियन घालून. पायऱ्या चढून वर आला की पहिलं काम काय, तर ओला बनियन चिमटीत धरून छातीपासून पुढं ओढायचा, चिकटू नये म्हणून. परत उडी, परत तेच. बाकी कुणाला दिसलं नसेल, मला लगेच दिसलं, कारण त्या वयात मी पण खांदे पुढं वाकवून चालायचो आणि घरात कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

रात्री गच्चीवर अंधारात आपणहून बोलला, "मामा, पोरं लई चिडवत्यात. आणि हाताला गाठ पण लागती." पोटात कालवलं माझ्या. वर्षभर एवढं एकट्यानं घेऊन फिरत होता.

ही गाठ म्हणजे चरबी नव्हे. वयात येताना हार्मोन्स मागंपुढं होतात आणि निपलखाली गाठ येते, कधी एका बाजूला कधी दोन्ही, दाबली की दुखते. गायनेकोमॅस्टिया म्हणतात, निम्म्याच्या आसपास मुलांना कमीजास्त होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरतं. वाढतच चालली किंवा गेलीच नाही तर डॉक्टर. पण याला हे कोण सांगणार, त्यानं आपलं रात्रीची भाकरी बंद केलेली, ऐन उंची वाढायच्या वयात!

थोरल्याचं उलटंच. तो १६ चा, ताडमाड उंच, आणि आप्पा, म्हणजे त्याचे आजोबा, रोज ताटावर बसला की "पाप्याचं पितर" म्हणणार. आप्पा वाईट नाहीत हो, जीव आहे त्यांचा नातवावर, पण शब्द लागतो. पुढं पोलीस भरती करायचीय, तिथं छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून ५ जास्त लागते, म्हणून हा रोज झोपताना आईच्या शिलाईच्या टेपनं छाती मोजतो, आकडा वहीत लिहितो. मी वही बघितली. दोन दोनदा मोजलेले दिवस आहेत त्यात. अरे, उंचीचा झपाटा आधी येतो, मांस आणि ताकद मागून भरते, मध्ये वर्ष सहज जातं.

त्यात जिममध्ये एका मशीनवर उभं करून बॉडी फॅटची चिठ्ठी दिली आणि पावडरचा डबा गळ्यात मारला. ते मशीन पायातून बारीक करंट सोडून अंदाज बांधतं, पाणी पिऊन उभा राहिलास, घाम गाळून उभा राहिलास, आकडा हलतो. बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याच्या आकड्याचं पण तसंच, त्यात मांस किती चरबी किती कळत नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिनांच्या ९.१, हे २००४ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात फोटोसकट छापून आलंय. नुसत्या वजनकाट्यावरून पोराला जाड्या नाहीतर काडी ठरवणारे आपण कोण?

थोरल्याला मी खाशाबा जाधवांचं सांगितलं. गोळेश्वर, कराडला लागून, आपल्याच जिल्ह्यातलं. १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं ते ५७ किलोच्या गटात. "५७?" म्हणून दोनदा विचारलं त्यानं. त्याचं स्वतःचं वजन ५८ आहे.

कितीही बॉडी झाली तरी आरशात बारीकच दिसणं, हा मसल डिसमॉर्फिया नावाचा खराखुरा आजार आहे, आणि त्या वहीनं मला त्याचीच भीती वाटली. ताईला सांगितलं, वहीवर लक्ष ठेव, ओरडू नको. आप्पांना हात जोडले. ते काही बोलले नाहीत, पण रात्री ताटावर तो शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा परत बनियन घालूनच निघाला. मी काढ म्हटलं नाही. मीही माझा अंगातच ठेवला आणि त्याच्या मागोमाग विहिरीत उडी मारली.