शहाबादीवर व्हिनाइल चिकटवताना

बायकोच्या फिजिओथेरपीच्या खोलीत व्हिनाइलची शीट टाकायचं ठरलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, सकाळी चिकटवतो, दुपारी पेशंट घ्या." आमचं घर सांगलीच्या गावभागात, खोली तळमजल्यावर, खाली जुनी शहाबादी. २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा या खोलीतही पाणी होतं. मला शीटपेक्षा खालच्या ओलीची धास्ती.

शेजारचे काका म्हणाले, नुसती अंथरा की. घरात चालतं तसं. इथे व्हीलचेअर आणि वॉकर फिरणार. मोकळी शीट चाकापुढे गोळा होते, आणि तोल सावरायला शिकणारा माणूस त्यात अडखळला तर बघायलाच नको.

पावसाळा सरल्यावर फरशीवर हातभर प्लास्टिक ठेवून चारी कडांना चिकटपट्टी मारली. दुसऱ्या दिवशी उचललं तर आतून थेंब, आणि खालची शहाबादी तेवढ्याच चौकोनात काळसर. व्हिनाइल खालची वाफ बाहेर सोडत नाही. ओल अडकली की पाण्यात बनवलेला गोंद मऊ पडतो आणि शीटला फुगे येतात. "एवढं कोण बघतं?" दुकानदार म्हणाला. मी काम उन्हाळ्यावर ढकललं. मार्चमध्ये प्लास्टिक कोरडं निघालं, तरी नदीकाठचा भरवसा काय? सांधे भरून घेतले आणि वर ओल अडवणारा इपॉक्सीचा थर दिला. पैसे जिवावर आले. तो ओला असतानाच पकडीसाठी बारीक वाळू भुरभुरवली आणि वाळल्यावर फरशी सपाट करणारं लेव्हलिंग कंपाउंड ओतलं. हे टाळलं असतं तर दोन मिलिमीटरच्या शीटमधून शहाबादीचा सांधा न् सांधा वर दिसला असता.

कारागीर मिरजेचा, दवाखान्यांची कामं करणारा. त्याने शीट आदल्या दिवशीच खोलीत उलगडून ठेवली, गुंडाळीचा बाक जावा म्हणून. मग अर्धी दुमडून दातेरी थापीने गोंद ओढला. सगळ्यात आधी त्याने पंखा बंद केला. आम्ही घामाघूम, पण वाऱ्याने गोंदावर साय धरते, आत तो ओलाच राहतो आणि शीट पकडत नाही. म्हणून एका वेळी थोडाच भाग. मध्येच शीटची कड उचलून पाठीमागे गोंदाच्या रेघा उमटल्यात का बघायचा. उमटल्या नसतील तर तेवढं खरवडून पुन्हा. त्यानंतर ४५ किलोचा रोलर, मधून कडेकडे, आधी उभा, मग आडवा.

जोड दुसऱ्या दिवशी. खाच पाडून गरम हवेच्या बंदुकीने त्यात व्हिनाइलची दोरी वितळवली. ती दोनदा कापतात: गरम असताना वरचा अर्धा भाग, उरलेला पूर्ण गार झाल्यावर. घाई केली तर दोरी गार होताना आत बसते आणि जोडावर खळगा राहतो, त्यात घाण साचते.

ट्रेडमिलखाली काळी रबरी मॅट टाकणार होतो. कारागिराने अडवलं. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पडलेला पिवळट डाग कशानेही जात नाही. मॅट परत केली, वॉकरच्या पायांची काळी रबरी बुटंही काढून डाग न पाडणारी करडी बसवली.