चिचिबु ३४ अपडेट: २० ते २३ झाली, ओंगाकुजीच्या घंटेपाशीच जास्त रेंगाळलो

मंडळी, जपानमधल्या चिचिबुच्या ३४ देवळांच्या यात्रेचं अपडेट. २० ते २३ नंबरच्या देवळांचा पट्टा झाला, म्हणजे अराकावा नदीच्या पलीकडची बाजू. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, सैगोकु, बांदो आणि चिचिबु या तीन यात्रांची अनुक्रमे ३३, ३३ आणि ३४ मिळून कान्नोनची (म्हणजे आपला अवलोकितेश्वर) १०० ठिकाणं होतात, चिचिबुचीही आधी ३३च होती, शंभर भरावीत म्हणून एक नंतर वाढवलं. इकेबुकुरोहून सेइबुची एक्सप्रेस पकडली की दीड तासाच्या आत सेइबु-चिचिबु स्टेशन, त्यामुळे तोक्योत नोकरी करून फक्त वीकेंडला फिरणाऱ्यांना तिन्हीत हीच यात्रा परवडते.

२०, २१ बद्दल फार लिहीत नाही. २२ च्या गवती छपराच्या दारातले निओ मात्र बघाच, द्वारपाल म्हटल्यावर जरा दरारा हवा ना, हे दोघं एवढे भाबडे दिसतात की हसूच येतं. तिथून पुढे २३, ओंगाकुजी. वर म्यूझ पार्क असल्याने गाडीरस्ता आहे, पण पायी असाल तर झाडीतल्या जुन्या वाटेनेच चढा, दम लागतो पण वर आल्यावर एकदम खालचं शहर उघडतं ते गाडीतून नाही कळत.

कान्नोनचा हॉल छोटासा, चौकोनी. मी होतो तोवर जवळजवळ कोणीच नव्हतं. देवळाच्या नावातच संगीत असल्याने गायक मंडळी गाणं हिट व्हावं म्हणून इथे नवस बोलायला येतात आणि आपली पोस्टरं लावून जातात, कान्नोनच्या दारात चकचकीत कोटातले हसरे चेहरे, मला तर आवडलं बुवा.

आता घंटा. १७६८ ची आहे, अंगावर सहा कान्नोन उठावात कोरलेत, जवळ जाऊन एकेक चेहरा बघा. आणि वाजवायची ती आल्या आल्या, दर्शन झाल्यावर परत जाताना वाजवणं अशुभ मानतात. मी एकच टोल दिला, आवाज खाली दरीत उतरत जातो आणि बराच वेळ विरत नाही.

हीच घंटा १८८४ च्या नोव्हेंबरमध्ये वाजवून शेतकरी डोंगर उतरले होते. रेशमाचे भाव कोसळलेले, सरकारने नोटा आवळलेल्या, सावकारांचं व्याज डोक्यावर, कर्जफेडीला मुदत द्या म्हणून आधी अर्जविनंत्या करून झाल्या, मग १ तारखेला योशिदाच्या मुकु देवळात हजारो जण जमले आणि दुसऱ्या दिवशी इथून नदी ओलांडून गावात शिरले, सरकारी कचेरी ताब्यात घेतली, सावकारांची कर्जखती जाळली. काही दिवसांत लष्कर घालून सगळं मोडून काढलं, म्होरक्या ताशिरो एइसुके पुढच्या वर्षी फासावर गेला. आवारात त्या अनाम लढवय्यांचं स्मारक आहे. तिथे उभं राहून मला सुप्याचा सावकारांविरुद्धचा शेतकऱ्यांचा उठावच आठवला, आपल्याकडे मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात हेच, तिथे कापसाचा भाव पडला होता इथे रेशमाचा, आणि दोन्हीकडे राग निघाला तो आधी कागदांवर! फरक एवढाच की चिचिबुवाल्यांनी थेट सरकारलाच अंगावर घेतलं. बरेच जण वहीत देवळाचा शिक्का घेऊन पाच मिनिटांत निघतात, मला ते पटत नाही, या ठिकाणी निदान अर्धा तास काढा.

समोर बुको डोंगर दिसतो, सिमेंटच्या चुनखडीसाठी पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला. फोटोत लोक तो टाळतात, मी मुद्दाम घेतला.

नोक्योचं (दर्शनाची खूण म्हणून वहीत ब्रशने लिहून शिक्का देतात ते) म्हणाल तर शाई अगदी दाट, शेवटचा फराटा जिथे ब्रश उचलला तिथे कोरडा पडून केसाकेसाचा दिसतो, त्यावर लाल शिक्का. मधे टिपकागद ठेवूनच वही मिटा नाहीतर समोरच्या पानावर उमटतं. आणि हो, चिचिबुत दुपारी बाराला शिक्क्याची खिडकी जेवणासाठी बंद होते, त्या हिशोबाने निघा.

घोड्याच्या वर्षी, म्हणजे दर बारा वर्षांनी, सगळ्या ३४ ठिकाणी एरवी बंद असलेल्या मूर्ती दर्शनाला उघडतात. २०१४ ला झालं होतं, पुढचं २०२६, तेव्हा गर्दी असणारच. पुढचा टप्पा २४ पासून, तिथे ११६ दगडी पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी काठी घेऊन या, कोणी सोबत येणार असेल तर कळवा.