प्लिमथची गिरणी आणि आईची तपासणी

आज आईला बॉस्टनहून प्लिमथला नेलं. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांचं गाव, पण ती रमली टाउन ब्रुक ओढ्याकाठच्या पाणगिरणीत. जॉन जेनी नावाच्या माणसाने 1636 मध्ये इथे गिरणी घातली. त्याआधी मका हातानेच कांडायचा. दळणाची मजुरी पैशात नाही, धान्यातच कापून घ्यायची. जेनी गेल्यावर त्याची बायको सारा हिने गिरणी चालवली. (हे ऐकून आई, "चालवणारच!") मूळ गिरणी जळाली, आजची 1970 ची, त्याच जागेवर उभारलेली.

चाक फिरलं तशी जमीन पायाखाली थरथरली. आईने पिठाची चिमूट बोटांत चोळली. "जाडसर आहे. दगडाला टाकी लावायला झालीय." तिथल्या माणसाला मी हे इंग्रजीत सांगितलं, तर तो हसत म्हणाला, खरंय, खाचा पुन्हा कोरायच्या आहेत!

आम्ही औरंगाबादचे. पाणचक्की शाळेच्या सहलीत पाहिलेली, तेव्हा लक्ष सगळं हौदातल्या माशांकडे. इथेही वसंतात हेरिंग मासे समुद्रातून ओढ्याने वर चढतात म्हणे. दोन किलो मक्याचं पीठ घेतलंय, उद्या भाकरी.